सात वर्षांची गॅरंटी

सोसायटीच्या कमिटीवर काही वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात, आम्लपित्त आणि किस्से. आम्लपित्तावर गोळी मिळते. किस्से कुठे टाकायचे ते कळत नाही, ते ना ओल्या कचऱ्यात जातात ना सुक्या. मग बाजारात कुणीतरी ओळखीचं भेटतं, "काय मीनाताई, बिल्डिंगला रंग काढणार होतात ना?" असं विचारतं, आणि मी सुरू होते. विचारणारा पुढच्या वेळी मला बघून फूटपाथ बदलतो.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला आहे. चार मजली, जुनी, लिफ्ट नाही. तिला बाहेरून रंग काढायचा होता, आणि त्यासाठी एक धड, लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर हवा होता. एवढीच गोष्ट. ऐकणाऱ्याला हसू येतं. सांगताना मलाही येतं, पण घरी गेल्यावर जेवण जात नाही.

आता माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. रंगकामाच्या कमिटीत आम्ही तिघंच होतो. चेअरमन साळवीकाका, दुसऱ्या मजल्यावरचे. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते, काका स्वतः एका कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. सेक्रेटरी नितीन, पस्तिशीचा, कंप्युटर कंपनीत कामाला. आणि मी, मीना कांबळे, खजिनदार. दिवसा शाळेच्या ऑफिसात पालकांचा ओरडा खाते, संध्याकाळी सोसायटीचा.

काकांना रंग हवा होता आणि नितीनला रिडेव्हलपमेंट. जुनी पाडायची, टॉवर बांधायचा, तोपर्यंत सगळ्यांनी भाड्याच्या घरात राहायचं. अर्धी बिल्डिंग नितीनच्या बाजूने, अर्धी कुणाच्याच बाजूने नाही. काका एकटे अडून बसले होते, आणि का ते सगळ्यांना माहीत होतं. साळवीकाकूंना विसरण्याचा आजार आहे. मुलीचं नाव चुकतात, आज कोणता वार ते कळत नाही. पण स्वतःच्या घरात चहासाखरेचे डबे न बघता काढतात, अंधारात मोरीत जाऊन येतात. मुलीकडे दहिसरला थोडे दिवस नेलं होतं, तर पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसून राहिल्या. "चला, उशीर झाला," एवढंच म्हणायच्या. जेवल्या नाहीत, झोपल्या नाहीत. डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं, घर बदलू नका.

म्हणून काकांनी सर्वसाधारण सभेत एक डाव टाकला. लायसन्सवाला, इन्शुरन्सवाला कॉन्ट्रॅक्टर मिळाला आणि त्याने रंगाची सात वर्षांची लेखी गॅरंटी दिली, तर रंग काढायचा आणि गॅरंटी संपेपर्यंत पाडापाडीचा विषय बंद. दिवाळीनंतरच्या सभेपर्यंत असा माणूस मिळाला नाही तर काका स्वतः रिडेव्हलपमेंटला हात वर करतील. लायसन्सची अट सगळ्यांनी उचलून धरली, कारण मागच्या वेळचा रंगारी अर्धी बाजू रंगवून पळाला होता आणि त्याचे बांबू वर्षभर आमच्या खिडक्यांसमोर उभे होते. लोकांनी त्यावर कपडे वाळत घातले होते.

सभा संपल्यावर जिन्यात काका मला म्हणाले, "सात वर्षां खूप झाली गो. तिका तेवढी पुरतली."

* * *

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला तो परफ्यूम मारून. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, त्यावर टॉवरचे फोटो. नितीनने विचारलं, "लायसन्स?" त्याने बॅगेतून लॅमिनेट केलेला कागद काढून टेबलावर ठेवला, जणू हुकमाचा एक्का. मी चष्मा लावून वाचला. दुकानाचं लायसन्स होतं. व्यवसाय: फरसाण व मिठाई.

"हे फरसाणचं आहे," मी म्हटलं.

"भावाचं आहे मॅडम. आडनाव तेच आहे ना."

"मग रंग कोण काढणार, भाऊ?"

"तो फरसाण बघतो," तो अगदी समजुतीने म्हणाला. मलाच काही कळत नाही असा त्याचा चेहरा होता.

काकांनी तरी गॅरंटीचं विचारलंच. तो म्हणाला, "किती पाहिजे?" काका म्हणाले, सात वर्षं. "दहा घ्या ना काका. बारा लिहून देतो." तो गेल्यावर काकांनी त्याने मागे ठेवलेली त्या कागदाची झेरॉक्स उचलली. मग म्हणाले, "ह्याच्याकडे थोडा वेळ बसलो असतो तर अमरपट्टा पण लॅमिनेट करून दिला असता."

* * *

दुसऱ्याची कागदपत्रं बरी होती. त्याने केलेल्या कामांची नावं दिली, "जाऊन बघा, लोकांना विचारा," म्हणाला. ही भाषा आम्हाला आवडली. रविवारी सकाळी काका आणि मी रिक्षाने घाटकोपरला गेलो. पत्ता हुडकत हुडकत गल्लीच्या टोकाला पोचलो तर समोर निळे पत्रे. पत्र्यांच्या फटीतून बघितलं, आत मोठा खड्डा आणि खड्ड्यात पाणी. पत्र्याला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीत वॉचमन बसला होता.

काकांनी त्याला बिल्डिंगचं नाव सांगितलं. त्याने हाताने खड्डा दाखवला. "यहीं थी."

मी तिथूनच कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. म्हटलं, अहो, तुम्ही बघायला सांगितलेली बिल्डिंग पाडलेली आहे. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "हो ना मॅडम. पण पाडेपर्यंत एक पोपडा उडाला नव्हता. वॉचमनला विचारा."

मी खरंच विचारलं असतं, माझा स्वभाव तसा आहे. पण काका रिक्षात जाऊन बसले होते. परतीच्या वाटेवर मी त्या माणसाच्या नकला करून दाखवल्या, काका हसले नाहीत. विक्रोळी मागे पडल्यावर म्हणाले, "थयले लोक खय गेले असतील गो?" मी म्हटलं, असतील आसपास भाड्याने, येतील परत. ते म्हणाले, "सगळे येतत?" मी रिक्षावाल्याला उगाचच उजवीकडून घ्यायला सांगितलं.

* * *

तिसऱ्याने हुशारी केली. मागच्या भिंतीवर रंगाचे नमुने मारून दिले, म्हणाला, आधी शेड ठरवा, मग बाकीचं बोलू. ज्यांना रंग नकोच होता, बिल्डिंग पाडायचीच होती, ते सगळे या शेडवर तुटून पडले. आयव्हरी, क्रीम, ऑफ व्हाइट. लोक बाल्कनीतून वाकून, खाली येऊन, चष्मे बदलून बघत होते. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, राखाडी अशुभ असतो. राखाडी नव्हताच, ती सावली होती. त्यांचे मिस्टर म्हणाले, सावलीसुद्धा नको.

प्रत्येकाच्या समाधानासाठी तो एकेक नवा चौकोन मारत गेला. भिंत ठिगळांनी भरली. शेवटी त्याला विचारलं, लायसन्स कधी दाखवताय? म्हणाला, उद्या. तो उद्या अजून यायचाय. सभेत शेडवर एकमत झालं नाही, पण एक फायदा झाला. कुरिअरवाला पूर्वी पत्ता चुकायचा, आता फोन करत नाही. त्याच्या ऑफिसात आमची नोंद "ठिगळवाली बिल्डिंग" अशी आहे.

काका मात्र रोज संध्याकाळी मागे जाऊन त्या भिंतीसमोर उभे राहायचे. मी एकदा विचारलं, तुम्हाला कोणता आवडला? म्हणाले, "टिकणारो."

* * *

मधेच एक जण रंगाचं बोलायला आला आणि टॉवरचं ब्रोशर काढून बसला. "रंग कशाला फुकट घालवता? माझा मेहुणा बिल्डर आहे." ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल होता आणि पुलाच्या काठी एक गोरं कुटुंब हसत होतं. आमच्या गल्लीत तसं कुणी नाही. काकांनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि तो उठल्यावर ब्रोशर परत त्याच्या बॅगेत घातलं. नितीनला ते ठेवायचं होतं, पण काकांच्या घरात बसून तो मागू शकला नाही.

* * *

हे सांगताना नितीन खलनायक वाटतो. तसं नाही. म्हणून हा किस्सा सांगते, याला रंगाशी काही देणंघेणं नाही.

नितीनची आई, शालनताई, चौथ्या मजल्यावर राहतात. दोन्ही गुडघे गेलेले. लिफ्ट नाही, म्हणून दोन पावसाळे त्या खाली उतरलेल्या नाहीत. खिडकीतून दोरीने पिशवी सोडून भाजी घेतात. नितीनला टॉवर हवा होता तो स्विमिंग पूलसाठी नव्हे, लिफ्टसाठी. एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. नितीन आणि आमचा वॉचमन त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवत होते, मी मागून पर्स आणि चपला घेऊन. दुसऱ्या मजल्यावर दम खायला खुर्ची टेकवली, ती नेमकी काकांच्या दारासमोर.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. या दोघी एकेकाळी एकमेकींशिवाय चहा पीत नसत. पापड एकत्र, हळदीकुंकू एकत्र, भांडणंसुद्धा एकत्र. काकूंनी खुर्चीतल्या बाईकडे बघितलं, लगेच आत जाऊन पाणी आणलं. शालनताई पेला हातात धरून बघत राहिल्या, आता ओळखेल, मग ओळखेल.

काकू म्हणाल्या, "कुणाकडे आलात? वर जातास तर चौथ्या माळ्यार आमची शालन रवता. तिका भेटान जावा. हल्ली खाली येणा नाय. माझ्यार रागावली वाटता."

शालनताई पाणी प्यायल्या. पेला परत दिला. "भेटते," म्हणाल्या.

काका दारात उभे होते आणि नितीन खुर्चीचा पाय धरून. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. त्या दिवशी संध्याकाळी कमिटीची मीटिंग होती, ती कुणी न सांगता रद्द झाली.

* * *

त्यानंतर एक जण आला, त्याला मी विसरणार नाही. नाव घेत नाही, कारण धंद्यात त्याचं नाव खराबच आहे, मी आणखी कशाला करू. लायसन्स होतं, ते खरं होतं. बोलणं गोड. आतल्या भिंतींची ओल बघायला प्रत्येक घरी जाऊन येतो म्हणाला. आम्ही खूष. काका त्या दिवशी बँकेत गेले होते, बराच उशीर झाला त्यांना. हा काकांच्या घरी गेला, बेल मारली, आणि काकूंनी दार उघडलं.

काकूंना वाटलं, गावाहून भाऊ आला. "इलंस रे बाबा," म्हणून त्याला आत घेतला, पाय धुवायला पाणी दिलं. तो सांगायला गेला, मी रंगवाला आहे, तर म्हणाल्या, तो धंदा पण बरो, पण आधी जेव. गरम भात, बांगड्याचं तिखलं, वर सोलकढी. पानासमोर बसून त्याला गावाकडच्या कुठल्या कुठल्या माणसांची खबर विचारली. त्याने सगळे बरे आहेत म्हणून सांगितलं. करणार काय बिचारा.

काका आले तर हा हात धुऊन दारात उभा. भिंतींकडे बघितलंसुद्धा नव्हतं. काकांना जिन्यात बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमचं काम मी घेत नाही."

काका घाबरले. म्हणाले, का हो, काही चुकलं का तिच्याकडून?

"नाही. मी कामं अर्ध्यावर सोडतो, काका. माझी पद्धतच तशी आहे. एकीकडे हात लावायचा, दुसरीकडे पळायचं. इथे नको तसं."

काकांनी हे मला सांगितलं तेव्हा मी हसून हसून खाली बसले. काका पण हसले. मग म्हणाले, "लबाड माणूससुद्धा माझा काम घेईना झालो."

* * *

आणि दिवाळीच्या तोंडावर आम्हाला तो मिळाला. गोरेगावचे नाईक. वय साठीकडे झुकलेलं, चेहरा शाळेच्या सुपरवायझरसारखा. आम्ही मागायच्या आत लायसन्स पुढे ठेवलं. स्वतःच्या नावाचं. कामगारांचा इन्शुरन्स, भिंतीबाहेर दोरांनी टांगलेल्या झुल्यावर चढणाऱ्या माणसांचे पट्टे कधी तपासले त्याची सर्टिफिकेटं, सगळं. केलेल्या बिल्डिंगींची नावं दिली, आम्ही जाऊन बघितल्या, सगळ्या जागेवर उभ्या होत्या. एका सोसायटीची सेक्रेटरी म्हणाली, "माणूस कडू आहे, पण खोटं बोलत नाही." काका परतताना रिक्षात चक्क शीळ वाजवत होते. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर शीळ वाजवताना ऐकलेलं नाही.

नाईकांनी सबंध दिवस बिल्डिंग बघितली. हातात छोटी हातोडी, ठकठक करत तळापासून गच्चीपर्यंत. काही ठिकाणी ठक आवाज यायचा, बऱ्याच ठिकाणी भद. मागच्या बाजूला त्यांनी जरा ठोकलं तर ठिगळांपैकी दोन-तीन ठिगळं प्लास्टरसकट खाली आली. आत गंजलेली सळई दिसत होती. ही सळई आम्हाला नवीन नव्हती. सगळ्यांना आपापल्या घरात कुठे काय सुटलंय ते माहीत होतं. कपाटं त्या हिशोबानेच लावलेली होती.

संध्याकाळी काकांच्या हॉलमध्ये बसलो. काकूंनी चहा आणला. नाईक म्हणाले, "रंग काढून देईन. चांगला काढून देईन. गॅरंटी देणार नाही."

काका म्हणाले, "सात नको. पाच द्या."

"नाही."

"तीन."

"काका, रंग राहील हो. ज्याच्यावर लावायचा ते राहील का, ते मला लिहून देता येणार नाही. माझी माणसं झुल्यावर लटकणार, त्यांना तिथे लटकवावं की नाही याचाच मी विचार करतोय."

"एका वर्षाची तरी."

नाईकांनी चहा संपवला. "सॉरी," म्हणाले. तो माणूस एरवी सॉरी म्हणणारा नव्हता, हे त्या एका शब्दावरून कळत होतं.

ते गेल्यावर खोलीत आम्ही तिघंच. नितीन जिंकला होता, पण मान खाली घालून बसला होता. काका म्हणाले, "इतके दिवस कसलो माणूस शोधत होतो आपण? लायसन्सवालो, खरा बोलणारो. गावलो." मग उठून कपबशा उचलायला लागले.

सभेत काकांनी हात वर केला. सगळ्यात आधी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिनिट्स लिहायचं काम नितीनचं, त्याने वही माझ्याकडे सरकवली.

* * *

शेवटचा सांगते आणि थांबते.

काकांनी भाड्याचं घर शोधलं ते आमच्याच गल्लीच्या मागे, तळमजल्यावर. एजंट त्यांना मोठमोठी, हवेशीर घरं दाखवायचा. काका आत शिरायचे, दारातून उजवीकडे स्वयंपाकघर आहे का बघायचे, नसेल तर बाहेर. शेवटी तसं एक मिळालं. अंधारं होतं, पण दार, स्वयंपाकघर, मोरी, सगळं त्याच बाजूंना. मग त्यांनी नाईकांना फोन केला.

मला वाटलं, नाईक एवढ्या छोट्या कामाला येणार नाहीत. ते आले. काकांनी त्यांना जुन्या घरात नेलं, भिंत दाखवली, म्हणाले, हाच रंग तिथे हवा. जुना पिस्ता रंग, वर्षानुवर्षं उदबत्तीच्या आणि फोडणीच्या धुराने काळवंडलेला. नाईकांनी नखाने त्याची खपली काढून कागदात बांधली. नवीन डब्यात असला मळका रंग मिळत नाही, तो त्यांनी दिवसभर बसून बनवला. मी गेले तेव्हा पिस्त्यात थेंब थेंब काळा टाकून ढवळत होते, भिंतीवर लावून, सुकवून, पुन्हा ढवळत होते.

"झाला?" काकांनी विचारलं.

"झाला."

"आता ती ओल."

जुन्या हॉलमध्ये दिवाणाच्या वर, खिडकीच्या कोपऱ्यात ओल होती. वरच्या घराच्या पाइपची. पिवळट तपकिरी, कडेला पांढरी बुरशी, मधे पोपडे. काकू दिवाणावर बसल्या की तिच्याकडेच बघत असायच्या. काका म्हणाले, ती पण तिथे पाहिजे. तशीच.

नाईकांनी ब्रश खाली ठेवला. "काका, माझा जन्म ओल लपवण्यात गेला."

"म्हणून तुमका बोलावलंय. तुमका ती माहीत असतली."

नाईकांनी ती ओल नव्या भिंतीवर रंगाने काढली. मोबाइलवर फोटो घेतला होता, तरी पुन्हा पुन्हा जुन्या घरी जाऊन बघून यायचे. कडेच्या बुरशीला पांढरी पुट्टी बोटाने लावली. पोपड्यांसाठी आधी जाड थर दिला आणि मग तो मुद्दाम उचकटला. मी आणि नितीन सामान लावत होतो. दिवाण तिथेच, देव्हारा तिथेच, पर्स ठेवायची फळी त्याच उंचीवर. नितीन डबे क्रमाने लावत होता, चहा, साखर, पोहे, आणि मला विचारत होता, "ताई, साखर डावीकडे ना? नक्की?" त्याचा आवाज मला ऐकवत नव्हता. मी आत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

सामान हलेपर्यंत काकूंना नाइलाजाने मुलीकडे ठेवलं होतं, तिने त्यांना दहिसरहून आणलं. रिक्षातून उतरल्या तेव्हा पर्स छातीशी घट्ट धरलेली होती. काकांनी हात धरला. काकू उंबरठ्यावर थांबल्या. मग आत आल्या. फळीवर पर्स ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन एक डबा उघडला, बंद केला. परत येऊन दिवाणावर बसल्या. नाईक दारात ब्रश पुसत उभे होते, नितीन भिंतीला टेकून.

काकूंनी मान वर करून कोपऱ्यातल्या ओलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठल्या, दिवाणावर गुडघा टेकवला, हात लांब केला आणि ओलीवर तळवा ठेवला. फिरवला. तळवा डोळ्यांसमोर धरून बघितला, दुसऱ्या हाताने चोळला.

काका म्हणाले, "काय गो?"

"सुकली," काकू म्हणाल्या. चेहरा जसा खुलला होता, तसा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. "मी सांगत नव्हतंय, सुकतली म्हणान? आता कोणतरी बरो माणूस बघा, आणि रंग काढून घेवा."